क्वेकर प्राथमिक शाळा : अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांची पाठराखण

क्वेकर प्राथमिक शाळा : ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ ऊर्फ क्वेकर या ख्रिस्ती पंथाने किंवा त्याच्या परंपरेत चालविलेली, साधारणतः पाच ते अकरा वर्षांच्या मुलांची शाळा. जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) यांच्या उपदेशातून सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा पंथ उभा राहिला. त्याच्या मूळ परंपरेत पुरोहित नाही, ठरीव प्रार्थना नाही. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश असतो आणि मौनात बसले की त्याची जाणीव होते, ही त्याची मूळ धारणा. ‘प्रत्येक’ या शब्दात मूलही आले, आणि या शाळांचे वेगळेपण त्यातूनच आले आहे. गणित, भाषा, विज्ञान हे विषय येथे इतर शाळांसारखेच असतात; फरक आहे तो मुलाशी वागण्याच्या रीतीत.

आरंभ : फॉक्स यांनी १६६८ मध्ये लंडनजवळ वॉल्थम आणि शॅकलवेल येथे शाळा काढण्याचा सल्ला दिला, असे त्यांच्या रोजनिशीवरून दिसते. शॅकलवेलची शाळा मुलींसाठी होती. ‘सृष्टीत जे जे सभ्य आणि उपयुक्त’ ते ते मुलींना शिकवावे, असा तिचा हेतू तेथे नोंदला आहे. मात्र ही रोजनिशी फॉक्स यांनी १६७०–८० या दशकात आठवणीने सांगितली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६९४ मध्ये छापली गेली. त्यामुळे १६६८ हे वर्ष अंदाजे धरणे बरे. ‘सृष्टीत उपयुक्त’ या शब्दांचा अर्थही दोन प्रकारे लावला जातो. काहींच्या मते त्याचा रोख हस्तव्यवसायांवर आहे; काहींना त्यात निसर्गविज्ञानाचे बीज दिसते. पुढच्या दीडशे वर्षांत या शाळांनी शिवणकाम व सूतकताईबरोबर वनस्पतिशास्त्रही आवडीने शिकविले, हे पाहता दोन्ही अर्थ एकत्र घेणे अधिक सयुक्तिक वाटते. अणुसिद्धांताचे प्रवर्तक जॉन डाल्टन वयाच्या बाराव्या वर्षी आपल्या गावच्या क्वेकर शाळेत शिकवू लागले होते.

जुना अभ्यासक्रम : अठराव्या शतकातील क्वेकर शाळांचे सर्वांत चांगले माहीत असलेले उदाहरण म्हणजे यॉर्कशरमधील ॲकवर्थ शाळा (१७७९). वैद्य व वनस्पतिप्रेमी जॉन फॉदरगिल यांच्या पुढाकाराने, लंडनच्या अनाथालयाची रिकामी पडलेली शाखा विकत घेऊन ती सुरू झाली. सुस्थितीत नसलेल्या क्वेकर कुटुंबांतील मुलगे व मुली तेथे राहून शिकत. वाचन, लेखन, अंकगणित हा गाभा होता. मुलींना त्याशिवाय शिवण. तेथील मुलींनी भरलेले कापडी नमुने आज संग्रहालयांत जपलेले आहेत. फिकट कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेली अष्टकोनी पदके, कडेला कापलेली अर्धी पदके, साधी ठसठशीत रोमन अक्षरे आणि मुलीच्या नावाची आद्याक्षरे. फुलापानांची दाटी त्यांत फारशी नाही. शेजारी रफूचे नमुने असत : कापडाला मुद्दाम भोक पाडायचे आणि ते विणीबरहुकूम भरून काढायचे. फाटलेले नीट सांधता येणे हेही शिक्षणच मानले जाई.

संगीत, नाटक आणि कादंबरी यांना मात्र या शाळांत दीर्घकाळ मज्जाव होता. वारांची व महिन्यांची रूढ नावे परदैवतांवरून आली म्हणून मुले ‘पहिला दिवस’, ‘दुसरा महिना’ असे लिहीत. सर्वांना एकेरी संबोधण्याची ‘साधी बोली’ हाही शिक्षणाचा भाग होता. ‘अहो–जाहो’ आणि ‘अरे–तुरे’ यांतील अंतर रोज जगणाऱ्या मराठी वाचकाला त्या आग्रहाचे वजन सहज कळेल : जमीनदार आणि मोलकरीण यांना एकच सर्वनाम. त्याचा धागा आजही टिकून आहे. काही क्वेकर शाळांत मुले शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तर फिलाडेल्फियाच्या परिसरात नावाआधी ‘टीचर’ लावतात, आडनाव नाही.

लँकेस्टर आणि धूळपाटीचा वाद : क्वेकर शिक्षणाच्या इतिहासात जोझेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) यांचे स्थान अवघड आहे. लंडनमधील बरो रोड येथे त्यांनी १७९८ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. एक शिक्षक शेकडो मुले सांभाळी. पुस्तकाऐवजी भिंतीवर टांगलेले तक्ते आणि अगदी लहानांसाठी वाळू पसरलेले बाक, ज्यावर बोटाने अक्षर काढायचे आणि हाताने पुसायचे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, धर्मगुरू अँड्रू बेल यांनी हीच पद्धत आपण आधी मद्रासला, एग्मोरच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेत वापरल्याचे १७९७ मध्ये प्रसिद्ध केले होते. श्रेय कोणाचे, यावर दोघांच्या अनुयायांत कडाक्याचे भांडण झाले आणि त्याला पंथीय रंग चढला : बेल यांच्या बाजूने अँग्लिकन ‘नॅशनल सोसायटी’ (१८११), लँकेस्टर यांच्या बाजूने ‘ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी’ (१८१४).

दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असावी, असे मानणारे अभ्यासक आहेत. परंतु वाळूवर लिहिण्याची रीत आपण मद्रासेतील एका देशी शाळेत पाहिली, हे खुद्द बेल यांनीच नोंदवले आहे, आणि लँकेस्टर यांनी बेल यांचे लेखन वाचले होते. तेव्हा निदान वाळूच्या बाकाचे मूळ भारतीय मानण्यास हरकत नाही. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी हे त्याच कुळातले साधन. इंग्लंडमार्गे ही पद्धत पुन्हा इकडे आली. मुंबई इलाख्यातील आरंभीच्या सरकारी मराठी शाळांवर तिची छाप पडली.

लँकेस्टर छडीच्या विरोधात होते, हे क्वेकर वृत्तीला धरूनच. पण छडीऐवजी मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत घालून छताला टांगणे अशा शिक्षा त्यांनी काढल्या. चारचौघांत केलेला अपमान छडीहून खोल लागतो, याची जाण त्यांत नव्हती. पुढे कर्जबाजारीपणामुळे पंथाने त्यांना बाहेर काढले. त्यांच्या शाळा कोणत्याही एका पंथाच्या नव्हत्या. काटेकोर अर्थाने त्यांना क्वेकर शाळा म्हणता येत नाही.

मौनसभा : आजच्या क्वेकर प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून बहुधा एकदा मौनसभा असते. लहानांसाठी ती दहा–वीस मिनिटांची. बाके समोरासमोर किंवा वर्तुळात; सगळे शांत बसतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तर ते मूल उभे राहते, चार वाक्ये बोलते आणि बसते. त्यावर कोणी उत्तर देत नाही, दुरुस्ती करत नाही, पुन्हा शांतता. शेजाऱ्याशी हस्तांदोलन झाले की सभा संपते. कधी आधी एखादा प्रश्न दिला जातो, उदा., ‘या आठवड्यात तू कोणाचे ऐकून घेतलेस?’ त्याला गुण नसतात. सात वर्षांच्या मुलाच्या बोलण्यालाही मुख्याध्यापकांच्या बोलण्याइतकीच शांतता मिळते. अभ्यासक्रमातील कोणताही धडा समता इतक्या थेटपणे शिकवीत असेल, असे वाटत नाही.

मूल्ये : साधेपणा, शांतता, सचोटी, समूहभाव, समता आणि सृष्टीची राखण या सहा मूल्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘स्पाइसेस’ हा शब्द झाला असून अमेरिकेतील प्राथमिक वर्गांच्या भिंतींवर तो सर्रास दिसतो. तो पंथाइतकाच जुना असल्याचा समज चुकीचा आहे. मूल्यांची अशी वर्गवारी अमेरिकन क्वेकर लेखक हॉवर्ड ब्रिंटन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. आद्याक्षरांचा शब्द त्यानंतरचा. सोपे सूत्र म्हणून तो कामाचा असला, तरी केवळ घोकून घेतला तर मौनसभेचा हेतूच हरवतो, अशी टीका पंथातूनच होते.

पाठराखण : भांडण झाले की दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून आळीपाळीने बोलू देणे, ही रीत प्राथमिक वर्गांत आढळते, त्यासाठी काही वर्गांत ‘शांततेचे टेबल’ असते. आधी एकाने सांगायचे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, मग तोडगा दोघांनी काढायचा. शिक्षक निवाडा देत नाही. मोठ्या वर्गातील मुलाची लहान मुलाशी जोडी लावणे, समुपदेशक आणि वाचनात अडखळणाऱ्यांसाठी विशेष शिक्षक ही व्यवस्था इतर चांगल्या शाळांसारखीच. इंग्लंडमधील सिबफर्ड शाळा डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना मिळणाऱ्या मदतीसाठी ओळखली जाते. पेनसिल्व्हेनियातील डेलावेअर व्हॅली फ्रेंड्स स्कूल तर अशाच मुलांसाठी काढलेली आहे.

फिलाडेल्फियाचे शिक्षक अँथनी बेनेझेट (१७१३–८४) यांनी १७५० पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी कृष्णवर्णीय मुलांना शिकविले, आणि १७७० मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी तेथील क्वेकरांनी त्या मुलांसाठी शाळा उघडली. हा वारसा अभिमानाने सांगितला जातो. त्याच पंथाच्या अनेक शाळांनी मात्र पुढे दीर्घकाळ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश दिला नाही. वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्स शाळेने (१८८३) तो १९५६ मध्ये दिला. एकोणिसाव्या शतकात क्वेकरांनी मूलनिवासी अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा चालविल्या. त्यांत मुले घरापासून आणि स्वतःच्या भाषेपासून तोडली गेली. प्रत्येक मुलात ईश्वराचा अंश मानणाऱ्यांकडून हे घडले, ही या परंपरेवरची सर्वांत गंभीर जखम होय. आज खाजगी क्वेकर शाळांच्या भारी शुल्कामुळे समतेचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. शुल्कसवलतीने तो काही अंशीच सुटतो.

भारत : क्वेकर मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम) परिसरात शाळा काढल्या. महाराष्ट्राशी खरा दुवा मार्जरी साइक्स (१९०५–९५) यांचा. मद्रासमध्ये मुख्याध्यापिका असलेल्या, पुढे शांतिनिकेतनात राहिलेल्या या क्वेकर शिक्षिका १९४९ मध्ये सेवाग्रामला आल्या आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी नई तालीमच्या शिक्षकांना घडविले. सूतकताईतून गणित, सफाईतून विज्ञान आणि सामुदायिक मौन ही सेवाग्रामची दिनचर्या त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. तथापि नई तालीमची घडण गांधीजींची. ती क्वेकर प्रभावाने झाली असे म्हणण्यास आधार नाही. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरने किशोर भारती या संस्थेसह १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. तो सहावी ते आठवीसाठी असल्याने प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेर पडतो.

इतरत्र : केनियात कैमोसी येथे १९०२ मध्ये सुरू झालेल्या मिशनमधून क्वेकर शाळांचे मोठे जाळे निर्माण झाले, तेथे सरकारी अभ्यासक्रम चालतो आणि उपासना बहुधा मौनाऐवजी गायन–प्रवचनाची असते. टास्मानियातील होबार्टची फ्रेंड्स स्कूल (१८८७) जगातील सर्वांत मोठी क्वेकर शाळा म्हणून ओळखली जाते. रामल्ला (पॅलेस्टाइन) येथील फ्रेंड्स शाळेचा आरंभ १८६९ मधील मुलींच्या शाळेत आहे.