प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज: फॉर्म उघडण्याआधीच उरकायची कामं

मुलगी इंजिनिअरिंगला लागली की घरातले पहिले दोन-तीन महिने फी, होस्टेलची अनामत आणि लॅपटॉपची जुळवाजुळव यांतच निघून जातात. शिष्यवृत्तीचा विषय निघेपर्यंत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलची, म्हणजे जिथे हा अर्ज ऑनलाइन भरायचा त्या संकेतस्थळाची, मुदत जवळ आलेली असते. मग एका आठवड्यात दाखले, बँक, आधार अशी पळापळ सुरू होते. मी काही वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात बसून असे अर्ज तपासले आहेत. तिथे दरवर्षी एकच गोष्ट दिसायची. गुण कमी पडल्यामुळे अर्ज अडणाऱ्या मुलींपेक्षा आधार आणि मार्कशीटवरची नावं न जुळल्यामुळे किंवा बँक खात्यामुळे अडणाऱ्या मुली कितीतरी जास्त असायच्या. म्हणून ही माहिती त्याच क्रमाने लिहिली आहे, आधी करायचं ते आधी.

प्रगती ही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे आपण सगळे जिला एआयसीटीई म्हणतो तिची, मुलींसाठीची शिष्यवृत्ती. २०१४-१५ पासून ती सुरू आहे. निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये एकरकमी तिच्या खात्यात मिळतात. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीला पदवीची चारही वर्षं आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलीला तीन वर्षं. पैसे फी, पुस्तकं, संगणक, सॉफ्टवेअर, साहित्य अशा शिक्षणाच्या खर्चासाठी आहेत. होस्टेल किंवा औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम मिळत नाही. डिप्लोमाच्या मुलींसाठी प्रगतीचा स्वतंत्र भाग आहे, त्यामुळे पोर्टलवर अर्ज निवडताना 'डिग्री' आणि 'डिप्लोमा' नीट पाहून निवडा. चुकीचा भाग निवडलेले अर्ज मी स्वतः परत पाठवले आहेत आणि त्या मुलींचे मोलाचे दिवस त्यात गेले.

कोण पात्र आहे

विद्यार्थिनी एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेत पदवीच्या पहिल्या वर्षाला किंवा थेट द्वितीय वर्षाला शिकत असावी. कुटुंबाचं सर्व मार्गांनी मिळणारं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावं, आणि ते प्रवेशाच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं धरलं जातं. एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना लाभ मिळतो. बारावी किंवा डिप्लोमा झाल्यानंतर प्रवेशापर्यंत दोन वर्षांपेक्षा जास्त खंड पडलेला नसावा. निवड गुणवत्तेवर होते आणि तीही ज्या परीक्षेच्या बळावर पात्रता मिळाली त्या परीक्षेच्या गुणांवर. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीसाठी बारावीचे, थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलीसाठी डिप्लोमाचे. सीईटीचे पर्सेंटाइल इथे मोजत नाहीत, हे ऐकून बऱ्याच मुलींना आश्चर्य वाटतं. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी १५, ७.५ आणि २७ टक्के जागा राखीव असतात.

यातली संस्थेच्या मान्यतेची अट लोक सहज ओलांडून जातात आणि तिथेच फसतात. संलग्न खासगी कॉलेजात शिकत असाल तर बहुधा प्रश्न येत नाही. पण विद्यापीठाच्या आवारातच असलेल्या, विद्यापीठ स्वतः चालवत असलेल्या अभियांत्रिकी विभागात किंवा महाविद्यालयात असाल, तर आधी खात्री करा. विद्यापीठाला स्वतःचे तांत्रिक अभ्यासक्रम चालवायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी सक्तीची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात दिला होता. त्यामुळे अगदी नामांकित, जुन्या विभागाकडेही ही मान्यता नसू शकते. शिक्षण उत्तम, पदवी पूर्ण कायदेशीर, पण प्रगतीसाठी ती संस्था चालणार नाही. एआयसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी वर्षनिहाय मिळते. तुमच्या संस्थेचं नाव आणि तुमची शाखा दोन्ही त्यात आहेत का, ते पाच मिनिटांत कळतं.

उत्पन्नाचा दाखला

यासाठी सगळ्यात आधी हालचाल करा. दाखला तहसीलदारांचा लागतो. तो सेतू केंद्रातून, महा ई-सेवा केंद्रातून किंवा घरबसल्या आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. वडील किंवा आई नोकरीत असतील तर फॉर्म १६ जोडून दाखला काढा. नुसता फॉर्म १६ किंवा पगाराची चिठ्ठी शिष्यवृत्तीच्या अर्जाला दाखल्याऐवजी चालत नाही. शेती किंवा छोटा धंदा असेल तर गावच्या तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) उत्पन्नाचा अहवाल घ्यावा लागतो. प्रवेशाच्या गर्दीच्या दिवसांत ही कार्यालयं गच्च असतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच हे काम उरकून टाका.

दोन गोष्टी मी खिडकीवर रोज सांगायचो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे. ते तुमचा प्रवर्गातला दर्जा दाखवतं, उत्पन्न दाखवणारा कागद वेगळा लागतो. आणि मोठ्या भावाच्या प्रवेशासाठी दोन वर्षांपूर्वी काढलेला दाखला कितीही खरा असला तरी तो चुकीच्या वर्षाचा आहे.

नाव, एका अक्षरासकट

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आता आधी 'ओटीआर' म्हणजे एकदाच करायची नोंदणी करावी लागते. ती आधारवर चालते, मोबाइलवर आधारचं चेहरा-ओळख ॲप घ्यावं लागतं आणि शेवटी १४ अंकी क्रमांक मिळतो. तो पूर्ण शिक्षणभर तुमचाच राहतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पोर्टलला तुमचं नाव आधारवरून समजतं. कॉलेज मात्र तुमची दहावीची मार्कशीट हातात घेऊन तपासतं.

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. एवढ्या फरकाने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगमध्ये. 'वैष्णवी' इंग्रजीत एकीकडे एका पद्धतीने, दुसरीकडे दुसऱ्या. जन्मतारखेचा महिना उलटा पडलेला. आडनाव गाळलेलं. यासाठी दहावीची मार्कशीट प्रमाण मानून आधारकार्ड दुरुस्त करून घ्या. नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा आधार केंद्रावर पावती हातात आली की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर त्याच फेरीत तोही जोडून घ्या, कारण ओटीपी तिथेच येतो. नंबर वडिलांचा असला तर नोंदणीच्या दिवशी फोन घरी असू द्या.

बँकेतलं आधार सीडिंग

शिष्यवृत्ती थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येते. पैसे खाते क्रमांकाऐवजी आधार क्रमांकावर पाठवले जातात आणि तो आधार सध्या ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे ते पडतात. बँकेत केवायसीसाठी आधार देणं आणि लाभासाठी आधार सीडिंग करणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडणं, ही दोन वेगळी कामं आहेत. बँकेत नुसतं 'आधार लिंक आहे का' विचारलं तर 'हो' म्हणतील आणि पैसे तरीही येणार नाहीत. 'डीबीटीसाठी सीडिंग झालंय का' असं विचारा. माय आधार संकेतस्थळावर लॉग इन करून कोणती बँक जोडलेली आहे आणि ती सक्रिय आहे का, हे स्वतःच पाहता येतं.

एक आधार एका वेळी एकाच बँकेशी सीड होतो. मध्येच कुठल्या नव्या बँकेत खातं उघडताना संमतीची खूण केली असेल तर जोडणी तिकडे सरकते. माझ्यासमोर एक मुलगी रडवेली होऊन बसली होती, पैसे आलेच नाहीत म्हणून. ते आले होते, कॉलेजशेजारच्या दुसऱ्या बँकेत, सहा महिन्यांपूर्वी. खातं विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावावर हवं. शाळेत असताना अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या, नाहीतर रकमेची मर्यादा आड येऊ शकते.

अर्ज भरताना

ओटीआर झाला की लॉग इन करून संस्था निवडा, अभ्यासक्रम आणि वर्ष निवडा, मग योजना. सोबत लागणारे कागद: दहावीची आणि बारावीची (किंवा डिप्लोमाची) मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचं पत्र, त्या वर्षाच्या शिक्षणशुल्काची पावती, आधार, खात्याचं पासबुक, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, पालकांचं घोषणापत्र आणि संस्थाप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र. शेवटच्या दोन्हींचे नमुने ठरलेले असतात. त्याच नमुन्यात द्या, कॉलेजचं नेहमीचं बोनाफाईड त्याऐवजी चालत नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून आला असाल तर अॅलॉटमेंट लेटर प्रवेशाचं पत्र म्हणून जोडता येतं. कागद सरळ, चारही कोपरे दिसतील असे स्कॅन करा. मोबाइलवर अंधारात काढलेला फोटो तपासणाऱ्याला वाचताच येत नाही.

अर्ज 'सबमिट' केल्यावर काम संपलं असं वाटतं, पण खरं तर अर्ज तेव्हा कॉलेजच्या टेबलावर पोचतो. संस्थेचा नोडल अधिकारी, म्हणजे या कामासाठी नेमलेला माणूस, आधी तपासतो, त्यानंतर वरच्या पातळीवर पुन्हा तपासणी होते. संस्थेने मुदतीत तपासला नाही, तर तुमचा अर्ज कितीही बिनचूक असला तरी बाद. म्हणून अर्जाची प्रिंट आणि झेरॉक्स शिष्यवृत्ती कक्षात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. नंतर दर आठवड्याला लॉग इन करून स्थिती पाहत राहा. 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर घाबरू नका. त्रुटी दुरुस्त करायला परत आलेला अर्ज आहे तो, आणि त्यासाठी वेगळी मुदत असते. पण ती तारीख फक्त पोर्टलवर दिसते, फोन कोणी करत नाही.

महाडीबीटीचं काय

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुली महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरही शिष्यवृत्तीचा अर्ज करतात. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली आहे. प्रगतीची अट अशी की त्याच काळात केंद्र किंवा राज्य सरकारची दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. लपवून दोन्ही घेणाऱ्या मुलीकडून रक्कम वसूल होऊ शकते. तेव्हा दोन्हीकडे फॉर्म भरण्याआधी तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी विचारून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

मुलगे किंवा मुली, ज्यांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आहे, त्यांच्यासाठी याच परिषदेची 'सक्षम' योजना आहे. रक्कम तितकीच, उत्पन्नाची मर्यादाही तीच, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. आई-वडिलांचं छत्र हरपलेल्या, कोविडमध्ये पालक गमावलेल्या, किंवा सैन्यदल व निमलष्करी दलातल्या शहीद जवानांच्या मुलामुलींसाठी 'स्वनाथ' आहे. अर्जाची वाट सगळ्यांची एकच, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू.

नूतनीकरण

दुसऱ्या वर्षापासून पुन्हा नव्याने स्पर्धा नसते, पण 'रिन्यूअल' अर्ज दरवर्षी भरावाच लागतो. तो आपोआप होत नाही. वरच्या वर्गात गेल्याचं संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडायची. वरच्या वर्गात प्रवेश मिळाला नाही तर शिष्यवृत्ती तिथेच थांबते. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागतो आणि पोर्टल तोवर बंद व्हायला आलेलं असतं, हा प्रसंग दर वर्षी येतो. निकालाची वाट पाहत अर्ज रोखून धरू नका. ओटीआर, बँकेची जोडणी आणि फीची पावती तयार ठेवा, बाकी फॉर्म भरून 'ड्राफ्ट' म्हणून जतन करा, आणि निकाल लागला त्याच दिवशी गुणपत्रिका जोडून अर्ज पुढे पाठवा.