ओम्बुड्सकडे जाताना: कागद लागत नाहीत, पण मुदत थांबत नाही

विभागप्रमुखांशी बिनसलंय, शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी यावरून सहकाऱ्याशी अबोला आहे, किंवा तासांच्या वाटपात दरवर्षी तुमच्याच माथी जास्त भार येतोय. अशा वेळी गाजावाजा न करता बोलता यावं म्हणून अनेक विद्यापीठांत ओम्बुड्स असतो, म्हणजे कुणाची बाजू न घेता गुप्तपणे ऐकून घेणारा आणि वाट सुचवणारा माणूस. स्वीडनच्या १८०९ च्या संविधानाने आलेल्या संसदीय ओम्बुड्समनला अधिकाऱ्यांवर खटला भरण्याची मुभा होती. विद्यापीठातल्याला तसला काहीच अधिकार नसतो. बहुतेक ठिकाणी तो चौकशी करत नाही, निर्णय देत नाही, कुणाची बदली करवत नाही. निम्मे लोक इथेच हिरमुसतात.

पात्रतेची फार चिंता नको. कायम असा, कंत्राटी असा वा अभ्यागत, बहुतेक ठिकाणी दार उघडं असतं. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी येतात ते विभागप्रमुखही जातात, आणि जावंच. अर्जाचा नमुना नाही. फोन करून वेळ घ्यायची, झालं.

ईमेल करणार असाल तर फक्त नाव आणि मोकळी वेळ लिहा. रात्री अकराला संतापून लिहिलेली चार पानी हकिकत विद्यापीठाच्याच सर्व्हरवर पडून राहते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

आता कागदपत्रं. काहीही लागत नाही, तरी माणसं पोतंभर आणतात. माझे एक सहकारी छापील ईमेलची जाडजूड फाइल घेऊन गेले होते, पानापानाला रंगीत चिकटपट्ट्या. समोरून विचारलं गेलं, "तुम्हाला यातून नेमकं काय व्हायला हवंय?" त्याचं उत्तर मात्र फाइलमध्ये नव्हतं. एका कागदावर घटनांच्या तारखा आणि त्या प्रश्नाचं दोन ओळींत उत्तर, एवढं पुरे. फाइल ओम्बुड्स ठेवूनही घेत नाहीत. स्वतःची टिपणंही काम संपलं की नष्ट करतात.

याच सहकाऱ्यांचं खरं नुकसान पुढे झालं. बोलणी चालू आहेत म्हणून ते निवांत राहिले आणि औपचारिक तक्रारीची मुदत उलटून गेली. ओम्बुड्सला सांगणं म्हणजे संस्थेला कळवणं नव्हे, आणि नियमात स्पष्ट सवलत दिलेली नसेल तर मुदतही थांबत नाही. "मी तेव्हाच सांगितलं होतं की" हे नंतर कुणीही ऐकून घेत नाही. ओम्बुड्स साक्षही देणार नाही, कारण मग गुप्तता उरतेच कुठे? म्हणून नियमावली आधी उघडा, मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात ते बघा, कॅलेंडरवर खूण करा आणि मग भेटीला जा.

गुप्ततेलाही अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर ते गप्प बसत नाहीत. लैंगिक छळासारख्या बाबतीत नियम संस्थेगणिक बदलतात, तेव्हा तोंड उघडण्याआधी विचारा: "कोणती गोष्ट तुम्हाला वर कळवावीच लागते?" असं विचारण्यात अपमान वगैरे काही नाही.

मग त्याचा उपयोग काय? पर्याय समोर मांडतो, नियमांचा अर्थ सांगतो, अवघड बोलण्याची तयारी करून घेतो. तुम्ही होकार दिलात तरच समोरच्याशी बोलतो किंवा दोघांना एकत्र बसवतो. बाजू मात्र तुमचीही घेत नाही; वकील हवा असेल तर तो वेगळा शोधा. एकाच विभागातून तशाच तक्रारी येत राहिल्या, तर नावं न घेता तो कल वरपर्यंत पोहोचवतो.

आणि त्या दारात कुणी पाहील म्हणून धाकधूक वाटत असेल तर फोनवर बोला, नाहीतर दुसरीकडे भेटायला सांगा. अशी विनंती त्यांना नवी नसते.