विश्वाचे वय, पोपचे भाषण आणि एका धर्मगुरूची काळजी

22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केले. दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) एकमेकींपासून दूर जात आहेत, म्हणजे पूर्वी कधीतरी सगळे द्रव्य अगदी जवळजवळ असणार, हा खगोलशास्त्राचा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि विज्ञानाने बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’ या क्षणाची जणू साक्षच दिली आहे, असे म्हटले. ज्यांच्या गणितातून हा निष्कर्ष पुढे आला होता ते जॉर्ज लमेत्र यांना मात्र हे भाषण खटकले. ते त्याच अकादमीचे सदस्य होते आणि स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते.

लमेत्र यांचा जन्म 1894 चा, बेल्जियममधल्या शार्लरुआ गावचा. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. 1923 मध्ये त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. 1927 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून दाखवून दिले की अवकाशच प्रसरण पावत असले पाहिजे. दीर्घिकांचे वेग आणि अंतरे घेऊन त्यांनी प्रसरणाचा दरही काढला, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या याच विषयावरच्या प्रसिद्ध निबंधाच्या दोन वर्षे आधी. पुढे 9 मे 1931 च्या ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले की विश्वाची सुरुवात एकाच क्वांटमपासून (ऊर्जेच्या एकाच अविभाज्य पुंजापासून) झाली असावी आणि त्या अवस्थेत अवकाश व काळ या शब्दांना अर्थच उरत नसावा. या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी ईश्वराविषयी एक वाक्य होते. छापायला देण्यापूर्वी लमेत्र यांनी ते काट मारून काढून टाकले.

विज्ञानाच्या बदलत्या आकड्यांवर धर्माने टेकू नये, ही त्यांची काळजी कशासाठी होती, हे विश्वाचे वय काढण्याची रीत पाहिली की कळते. एखादी दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. हा वेग दर मेगापार्सेकमागे सांगतात. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षे, म्हणजेच 3.09 गुणिले 10 चा 19 वा घात इतके किलोमीटर. या अंतराला वेगाने भागले की ‘सगळे एकत्र केव्हा होते’ याचे कच्चे उत्तर सेकंदांत मिळते. त्याला वर्षातल्या सुमारे 3.16 कोटी सेकंदांनी भागा, वर्षे निघतात. हबल यांचा 1929 चा दर होता सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर. त्यावरून उत्तर येते 1.96 अब्ज वर्षे (1 अब्ज म्हणजे 100 कोटी).

आणि इथेच घोडे अडले. खडकांमधल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचे वय 3 अब्ज वर्षांच्या पुढे जात होते. विश्वापेक्षा पृथ्वी म्हातारी! चूक अंतरांत होती. देवयानी दीर्घिकेचे अंतर सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांवरून काढले जाई. या ताऱ्याचा प्रकाश ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतो. हा काळ मोजला की ताऱ्याची खरी तेजस्विता कळते, मग तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या 5 मीटर दुर्बिणीतून देवयानीचे फोटो घेतले. जुने अंतर बरोबर असते तर त्यांत आरआर लायरी या आणखी एका जातीचे रूपविकारी तारे दिसायलाच हवे होते; ते दिसेनात. उलगडा झाला तो असा, की सेफीडच्या दोन जाती असतात आणि एका जातीचे परिमाण दुसरीला लावले गेले होते. देवयानी दुपटीहून लांब निघाली आणि विश्वाचे वय एका झटक्यात दुप्पट झाले.

बाडे यांनी हे जाहीर केले सप्टेंबर 1952 मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात, आणि ते अधिवेशन भरले होते रोममध्येच. पोप त्याच प्रतिनिधींसमोर बोलले, पण ‘प्रकाश होवो’चा दाखला या वेळी आला नाही. दरम्यान लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनियल ओ’कॉनेल यांच्यामार्फत आपले म्हणणे पोहोचवले होते. 1958 मध्ये तर त्यांनी स्पष्टच सांगितले की हा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांच्या बाहेरचा आहे. नास्तिकाला ईश्वर नाकारायला तो अडवत नाही आणि आस्तिकाला ईश्वराच्या जवळही नेत नाही. श्रद्धा असलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे मोल मला फार वाटते.

विज्ञानातून धर्माला पुरावा शोधण्याचा हाच मोह आपल्याकडे वेगळ्या रूपात दिसतो. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे...’ असे म्हणतात, तो कालगणनेतला आजचा पत्ताच असतो. कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, सुरू झाल्यापासून किती वर्षे गेली याची बेरीज त्यावरून करता येते. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथाच्या रीतीने सहा मन्वंतरे आणि सात संधिकाल मिळून 185 कोटी 24 लाख 16 हजार वर्षे. सातव्या मन्वंतरातली 27 महायुगे म्हणजे 11 कोटी 66 लाख 40 हजार. चालू महायुगातली कृत, त्रेता, द्वापर ही युगे 38 लाख 88 हजार. वर कलियुगाची पाच हजारांहून थोडी जास्त. एकूण सुमारे 1.97 अब्ज वर्षे.

हबल यांच्या दरावरून आलेला आकडा 1.96 अब्ज होता! 1929 मध्ये कोणी हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सिद्ध झाले’ म्हटले असते, तर 1952 मध्ये तीच सिद्धता उलटली असती. आता कल्पाच्या पूर्ण लांबीची, 4.32 अब्ज वर्षांची, पृथ्वीच्या 4.54 अब्ज वर्षांशी जुळणी केली जाते. फरक 22 कोटी वर्षांचा, तर मोजमापातली अनिश्चितता जेमतेम 5 कोटींची. शिवाय परंपरेनुसार कल्प अजून अर्धाही झालेला नाही, मग पूर्ण लांबीची तुलना पृथ्वीच्या झालेल्या वयाशी कशी करायची? इतके मोठे आकडे हाताळणारी कालगणना मुळातच थोर आहे, तिला अशा टेकूची गरज नाही.

लमेत्र यांच्या कल्पनेतून आलेला, विश्वाला सुरुवात होती असे सांगणारा महास्फोट सिद्धान्त टिकला तो पडताळ्यांवर. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये सुरुवातच नसलेल्या विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला होता. 1965 मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी न्यू जर्सीतल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात, 7.35 सेंटिमीटर तरंगलांबीवर, कुठेही वळवली तरी न जाणारी खरखर टिपल्याचे प्रसिद्ध केले: सुमारे 3.5 केल्विन. ही खरखर म्हणजे विश्वाच्या तप्त सुरुवातीपासून उरलेला, आता सूक्ष्मलहरींच्या रूपात पोहोचणारा प्रकाश. आज त्याचे तापमान 2.725 केल्विन इतके नेमके माहीत आहे आणि तो विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे असतानाचा आहे. लमेत्र यांना ही बातमी 1966 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी कळली.

मतभेद तेव्हाही संपले नाहीत. कोल्हापुरात जन्मलेले, पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर 1993 मध्ये महास्फोटाला पर्यायी प्रतिमान मांडले. अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून सूक्ष्मलहरींच्या रूपात बाहेर टाकला असेल, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही, कारण सूक्ष्मलहरींच्या तापमानातले बारीक चढउतार महास्फोटाच्या गणिताशी फार नेमके जुळतात. तरी नारळीकरांची हरकत मोजून तपासता येणारी होती, म्हणून ती विज्ञानातली हरकत होती.

प्रसरणाच्या दराचा वाद आजही आहेच. प्लँक उपग्रहाच्या सूक्ष्मलहरींवरून तो दर मेगापार्सेकमागे सेकंदाला 67.4 किलोमीटर येतो, सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) 73 च्या आसपास. पहिल्या मापाच्या प्रतिमानावरून वय 13.8 अब्ज वर्षे निघते, तेच पुस्तकांत छापले जाते. बाडे यांच्यासारखी चूक पुन्हा लपलेली आहे का, हे पाहण्यासाठी जेम्स वेब दुर्बिणीने तेच सेफीड नव्याने मोजले. शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून मोजणी बिघडत असेल ही शंका त्यातून दूर झाली, फरक मात्र उरलाच आहे.