डोक्यावरचं रॉकेट ऐकू का येत नाही?

"सर, रॉकेट अगदी आपल्या डोक्यावर होतं आणि नेमका तेव्हाच त्याच्याकडून रेडिओवर येणारा डेटा थांबला." गेल्या हिवाळ्यात अभियांत्रिकीच्या काही मुलांचा फोन आला. निदानही त्यांनीच करून ठेवलं होतं: ट्रान्समीटर कमी पडला, पुढच्या वेळी दहापट शक्तीचा लावू. म्हटलं, थांबा. तुम्ही उभे कुठे होता?

"लाँचपॅडपासून 300 मीटरवर. जितकं जवळ तितका सिग्नल चांगला ना?"

गोम इथेच आहे.

आधी अंतराचा हिशेब करू. विद्यार्थ्यांच्या मोठ्या स्पर्धांमध्ये 10,000 फूट, म्हणजे साधारण 3 किलोमीटर उंची गाठायची असते. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. तिथे 100 मिलिवॉटचा चिमुकला ट्रान्समीटर आणि दोन्ही टोकांना डायपोल नावाचे साधे अँटेना समोरासमोर असले, तर 3 किलोमीटरवरून येणारा सिग्नल लोरा जातीच्या (अगदी क्षीण सिग्नलही पकडणाऱ्या) रिसीव्हरच्या गरजेपेक्षा निदान 40 हजार पट जास्त भरतो. मग हे 40 हजार गेले कुठे?

डायपोल म्हणजे मधोमध तोडलेली तार. दोन्ही अर्ध्या भागांत इलेक्ट्रॉन सेकंदाला 86 कोटींहून जास्त वेळा वर-खाली धावतात आणि त्यातून लहरी निघतात. पण त्या सगळीकडे सारख्या जात नाहीत. उखळातलं मुसळ डोळ्यापुढे आणा. बाजूला उभं राहिलं तर ते वर-खाली होताना स्वच्छ दिसतं. उखळाच्या तळाशी बसलेल्या मुंगीला मात्र ते जवळ येतं, लांब जातं, एवढंच कळतं. आडवं सरकताना कधीच दिसत नाही. दूर जाणारी रेडिओलहर ही बघणाऱ्याला आडव्या दिसणाऱ्या हालचालीतूनच तयार होते. म्हणून तारेच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. सगळ्या दिशांची शक्ती मोजून आकृती काढली, तर मेदूवडा तयार होतो आणि तार त्याच्या भोकातून गेलेली असते.

रॉकेट सरळ वर जातं, आतली तारही उभी. म्हणजे वड्याचं भोक थेट खाली, आपल्याकडे.

किती फटका बसतो? शक्ती कोनाच्या साइनच्या वर्गाने बदलते. तुम्ही 300 मीटरवर, रॉकेट 3,000 मीटरवर: तारेच्या अक्षाशी कोन सुमारे 5.7 अंश, साइन 0.1, वर्ग 0.01. राहिला शंभरावा भाग. तुमचा जमिनीवरचा डायपोलही उभाच असतो, त्याचंही भोक रॉकेटकडे, म्हणजे आणखी शंभरावा. एकूण दहा हजारावा भाग; जणू रॉकेट 300 किलोमीटर दूर गेलंय! (अर्ध्या लहरीच्या डायपोलला तर याहूनही कमी.) 40 हजारांतले उरले चार, तेही बॅटरी, वायरी आणि गिरक्या खाऊन टाकतात.

आता 3 किलोमीटर लांब जाऊन उभे राहा. कोन 45 अंश. दोन्ही डायपोलकडून निम्मा-निम्मा, अंतर वाढल्यामुळे आणखी निम्मा. आठवा भाग मिळतो. लांब गेलात आणि सिग्नल हजारपटीने सुधारला. मला या गणिताचं अजून अप्रूप वाटतं.

दुकानात 'बारा डीबी'च्या, म्हणजे सुमारे सोळापट जोर सांगणाऱ्या, अँटेनाच्या काड्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, फक्त वाटणी बदलतो. ती उभी काडी वडा चेपून त्याची पोळी करते. डोक्यावरच्या रॉकेटच्या वाट्याला आणखीच कमी. याच जातीचा दुसरा नमुना म्हणजे मोबाइलचं रेडिएशन 'शोषणारे' स्टिकर आणि 2020 साली गाजलेली शेणाची चिप. ती खरंच लहरी अडवत असती, तर फोनची रेंज गेली असती! लहरी खरोखर अडवायच्या असतील तर कार्बन फायबर घ्या. मुलांनी एकदा हौसेने रॉकेटचं नाकाडं त्याचंच केलं आणि ट्रान्समीटर आत कोंडला. फायबरग्लास मात्र लहरींना वाट देतं.

लांब जाणं शक्य नसेल तर रॉकेटमध्येच दोन आडवे डायपोल फुलीसारखे बसवायचे आणि दुसऱ्याला पाव आवर्तन उशिरा शक्ती द्यायची. खाली येणारी लहर मग स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत येते. जमिनीवरची यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) कशीही फिरवून धरा, रॉकेट कितीही गरगरो, निम्मा सिग्नल ठरलेला. हा उशीर कोअॅक्स केबलच्या (मधे तार, भोवती धातूची जाळी) तुकड्याने आणतात. हवेत पाव लहर 8.6 सेंटिमीटर, पण साध्या कोअॅक्समध्ये लहर प्रकाशाच्या 66 टक्केच वेगाने धावते, म्हणून तुकडा 5.7 चा हवा. मुलांनी पट्टी लावून बरोब्बर 8.6 चा कापला होता. आणि 17 सेंटिमीटरचा डायपोल रॉकेटच्या 10 सेंटिमीटरच्या नळीत मावतो कसा? टोकं नळीच्या आतून वाकवायची आणि थोडी थोडी कापत पुन्हा जुळवायचं. त्यात अख्खी दुपार जाते.

पॅराशूट उघडलं की नळी तिरपी लोंबकळते, भोक दुसरीकडे वळतं आणि हरवलेला सिग्नल आपोआप परत येतो. जमिनीच्या जवळ आल्यावर झाडं आणि बांध आड येतात, तो पुन्हा जातो. त्याआधीच्या शेवटच्या पॅकेटमधले अक्षांश-रेखांश घेऊन ज्वारीत शिरायचं.

शिवाय फिनवर, म्हणजे रॉकेटच्या शेपटीकडच्या पंखावर, मार्करने फोन नंबर लिहायचा. आमची दोन रॉकेटं शेतकऱ्यांच्या फोनमुळे सापडली आहेत.