पुस्तकांना नंबर घातले म्हणजे कॅटलॉग झाला?

मुंबईतल्या एखाद्या जुन्या वाचनालयात ‘कॅटलॉगचं काम चालू आहे’ असं सांगतात, तेव्हा आत तीन वेगळ्या गोष्टी चालू असू शकतात. कुणी पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या डकवत असतं, कुणी कार्डांवरच्या नोंदी संगणकात भरत असतं, कुणी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये उतरवत असतं. तिन्हीला नाव एकच. यातली चिठ्ठी म्हणजे वर्गीकरण, नोंद म्हणजे तालिकीकरण; तालिका म्हणजेच कॅटलॉग. एक्सेलचं नंतर बघू. संगणकाने ग्रंथालयातलं सगळंच पालटलं असं म्हणायची पद्धत आहे, पण खरा कायापालट झाला तो तालिकेचा. चिठ्ठीवरचा नंबर, म्हणजे वर्गांक, बराचसा होता तसाच आहे.

वर्गीकरणापुढे प्रश्न एकच असतो: हे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचं? प्रत एक, म्हणून जागाही एक. अमेरिकी ग्रंथपाल मेलविल ड्युई यांच्या १८७६च्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ मिळतो आणि पुढचा आकडा साहित्यप्रकार सांगतो: १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ७ विनोद. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३३ची द्विबिंदू ही वर्गीकरण पद्धत यापेक्षा लवचीक आहे, हे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात सगळे मान्य करतात आणि नोकरीला लागल्यावर बहुतेक जण ड्युईच वापरतात.

आता राम गणेश गडकरी घ्या. ‘एकच प्याला’ जाईल ८९१.४६२ला. ‘वाग्वैजयंती’ ८९१.४६१ला, आणि तिचा कवी गोविंदाग्रज. विनोदी लेख ८९१.४६७ला, तिथे लेखक बाळकराम. वर्गीकरणाने आपलं काम चोख बजावलं आणि एकाच माणसाची पुस्तकं तीन कपाटांत, तीन नावांनी जाऊन बसली. ती पुन्हा एकत्र आणायची तर तालिकाच हवी. ‘गोविंदाग्रज’ या कार्डावर ‘गडकरी, राम गणेश हेही पाहा’ असं लिहिलेलं असलं की वाचक बरोबर पोचतो. पुस्तकाची जागा एक, पण त्याच्याकडे जायच्या वाटा हव्या तितक्या.

हव्या तितक्या, पण कागदावरच. प्रत्यक्षात प्रत्येक वाटेला साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं एक कार्ड लागायचं. ते टाइप करा, अकारविल्हे लावा, खणातली सळई काढून योग्य जागी ओवा. लेखकाचं एक, शीर्षकाचं एक, विषयाचं एक, टोपणनावाचं आणखी एक. साहजिकच काटकसर व्हायची. शिवाय ‘संगीत एकच प्याला’चं कार्ड ‘संगीत’ धरून लिहिलं गेलं असेल, तर ‘ए’च्या खणात शोधणारा हात हलवत परत. नियमांतही ही काटकसर दिसते: १९७८च्या एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमावलीत तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव घ्यायचं आणि बाकीचे ‘इतर’. २०१० साली तिच्या जागी आलेल्या आरडीए या नियमावलीने हे बंधन काढलं, कारण तोवर कार्डाच्या जागेचा प्रश्नच उरला नव्हता. अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने छापील कार्डं काढणं २०१५मध्ये कायमचं थांबवलं.

कार्डाची मर्यादा गेल्याचा खरा फायदा आपल्या दिवाळी अंकांना होण्यासारखा आहे. का. र. मित्रांनी १९०९मध्ये मुंबईतून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या अंकांत किती कथा-लेख दडले आहेत! वर्गीकरण अंकाला नियतकालिकांच्या कपाटात वर्षवार उभं करतं आणि तिथेच थांबतं. संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या साच्यात (मार्क) मात्र ५०५ क्रमांकाच्या रकान्यात अख्खी अनुक्रमणिका भरता येते. भरणारं माणूस हवं, एवढंच.

इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून उतरवून घेता येते. मराठीचं तसं नाही. १९५४च्या कायद्याने देशातल्या नव्या पुस्तकांची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे; पण प्रत पोचली म्हणून सोबत देवनागरीतली तयार नोंद येत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण रोमन लिप्यंतराच्या, आणि त्यात ‘राम’च्या शेवटी जादा ‘a’ लागतो. हे माहीत नसेल तर शोध रिकामा येतो. जुन्या शुद्धलेखनातलं ‘नांव’ आणि आजचं ‘नाव’ संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या आधीच्या फाँटात भरलेला मजकूर तर नव्या प्रणालीत निव्वळ चिन्हांचा काला होऊन उतरतो. कोहासारखी ग्रंथालयासाठीची मुक्त संगणक प्रणाली फुकट मिळते, ही मेहनत मिळत नाही.

ई-पुस्तकाला कपाटच नाही, तरी एका विषयाची पुस्तकं पडद्यावर शेजारी दिसावीत म्हणून वर्गांक उपयोगी पडतोच. आणि ऑनलाइन तालिकेतल्या ‘उपलब्ध’चा अर्थ ‘इथेच वाचा’ असा नाही. पुस्तक जागेवर आहे, येऊन घेऊन जा, एवढाच.

राहिली ती एक्सेल. दाखल नोंदवही ही मालमत्तेची यादी: दाखल अंक, तारीख, किंमत, कुणाकडून घेतलं. तपासनिसासाठी ती लागतेच. ती संगणकावर चढवली की शीर्षक सापडतं, पण विषय सापडत नाही, टोपणनाव जुळत नाही. तिला तालिका म्हणू नये.

हाताशी दोनच माणसं असलेल्या वाचनालयाने आधी काय करावं? वाचक स्वतः कपाटापाशी जात असतील तर वर्गांक आधी. देवघेव खिडकीतून होत असेल आणि पुस्तक शिपाईच काढून देत असेल, तर चिठ्ठ्या थांबू द्या, नोंदी आधी करा. जागेअभावी निम्मी पुस्तकं माळ्यावर असली तर वर्गांकापेक्षा ‘माळा, पेटी ७’ हेच जास्त उपयोगी, आणि त्यासाठी नोंदीत स्थळाचा रकाना असतोच.