नऊ दिवस, वीस महिने, सात वर्षे

श्रीहरिकोट्याहून 1980 ते 1983 या काळात एसएलव्ही-3 या भारतीय रॉकेटने रोहिणी मालिकेतील तीन उपग्रह कक्षेत सोडले. रॉकेट एकच, प्रक्षेपणतळ एकच आणि उपग्रहांची वजनेही जवळपास सारखीच, म्हणजे अनुक्रमे 35, 38 आणि साडेएकेचाळीस किलो. तरीही 18 जुलै 1980 रोजी गेलेला आरएस-1 सुमारे वीस महिने पृथ्वीभोवती फिरत राहिला, 31 मे 1981 रोजी गेलेला आरएस-डी1 नऊ दिवसांतच वातावरणात जळून गेला आणि 17 एप्रिल 1983 रोजी गेलेला आरएस-डी2 मात्र सात वर्षे टिकून 19 एप्रिल 1990 रोजी खाली आला. प्रक्षेपणाच्या बातम्यांत उलटी गणना आणि टाळ्या असतात. उपग्रहाचे पुढे काय झाले, हे मात्र त्याच्या कक्षेच्या नोंदींतूनच शोधावे लागते.

या नोंदींत तिन्ही उपग्रहांसाठी प्रत्येकी दोन आकडे सापडतात. कक्षेतील पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे उपभू आणि सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे अपभू. आरएस-1 ची कक्षा 305 गुणिले 919 किलोमीटर होती, आरएस-डी1 ची 186 गुणिले 418 आणि आरएस-डी2 ची 371 गुणिले 861. आरएस-डी1 च्या बाबतीत रॉकेटने उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत सोडला, त्यामुळे त्याचे काय झाले ते उघडच आहे. खरे कुतूहल उरलेल्या दोघांचे आहे. आरएस-1 चा अपभू आरएस-डी2 पेक्षा 58 किलोमीटर उंच होता, तरी आयुष्य मात्र आरएस-डी2 ला चौपटीहून अधिक लाभले. त्याचे एक कारण उपभूत आहे आणि दुसरे सूर्यात.

अवकाश शंभर किलोमीटरवर सुरू होते असे आपण सोयीसाठी म्हणतो, पण हवा तिथे संपत नाही. तीनशे किलोमीटरवरही ती अतिविरळ स्वरूपात असते आणि सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वस्तूला तेवढी हवाही अडवते. उंची वाढत जाईल तशी घनता फार झपाट्याने घटते. त्यामुळे लंबवर्तुळाकार कक्षेतील उपग्रहाला जवळजवळ सगळा अडथळा उपभूच्या आसपास, फेरीतील थोड्याच मिनिटांत होतो. तिथे वेग किंचित घटला की त्याचा परिणाम लगेच तिथे न दिसता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला दिसतो, म्हणजे पुढच्या खेपेस अपभूची उंची थोडी कमी भरते. अशा रीतीने अपभू फेरीगणिक खाली येत जातो, उपभू बराच काळ जागच्या जागी राहतो, कक्षा गोल होत जाते, आणि मग दोन्ही मिळून उतरू लागतात. म्हणूनच उपभूतील 66 किलोमीटरांचा फरक अपभूतील 58 किलोमीटरांना पुरून उरला.

या घसरणीत प्रथमदर्शनी विचित्र वाटणारी एक गोष्ट घडते. हवेने अडवलेला उपग्रह शेवटी मंद होण्याऐवजी अधिक वेगवान होतो. पाचशे किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत वेग सेकंदाला सुमारे 7.61 किलोमीटर असतो आणि एका फेरीस साडेचौऱ्याण्णव मिनिटे लागतात. तीनशे किलोमीटरवर वेग 7.73 होतो आणि फेरी साडेनव्वद मिनिटांत संपते. उंची गमावताना जी स्थितिज ऊर्जा मोकळी होते तिच्यातील निम्मी हवा तापवण्यात खर्च होते आणि उरलेली निम्मी वेगात जमा होते. त्यामुळे उपग्रह खाली येतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी उंचीपेक्षाही सोपी खूण म्हणजे दिवसभरातील फेऱ्यांची संख्या.

ही संख्या प्रत्येक उपग्रहाच्या नोंदीत असते. प्रत्येकी 69 अक्षरांच्या दोन ओळींत एका क्षणाची संपूर्ण कक्षा मांडण्याची रीत अमेरिकेत पंचकार्डांच्या काळात पडली आणि आजही तीच चालू आहे. पहिल्या ओळीत उपग्रहाचा यादीतील क्रमांक, प्रक्षेपणाची खूण, नोंदीचा क्षण आणि हवेच्या अडथळ्याचे मान असते. दुसऱ्या ओळीत कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन, कक्षेची दिशा, तिचा चपटेपणा आणि सर्वांत शेवटी दिवसातील फेऱ्या व आजवरच्या एकूण फेऱ्यांचा आकडा. जागा वाचवण्यासाठी चपटेपणाच्या आकड्यातील दशांशचिन्हसुद्धा लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने गृहीत धरायचे. वर्षही दोनच अंकी असते, तरी घोटाळा होत नाही, कारण 57 ते 99 म्हणजे विसावे शतक आणि 00 ते 56 म्हणजे एकविसावे असा संकेत आहे. 1957 पूर्वी कृत्रिम उपग्रहच नव्हता, त्यामुळे हा संकेत 2056 पर्यंत निर्धास्त चालेल.

प्रक्षेपणाच्या खुणेचीही एक गंमत आहे. सुरुवातीच्या वर्षांत ग्रीक अक्षरे वापरत आणि एका प्रक्षेपणातील वस्तूंत सर्वांत तेजस्वी दिसेल तिला पहिला मान देत. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिक-1 सोबत त्याच्या रॉकेटचा मोठा भागही कक्षेत गेला होता. लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो मुख्यतः हा रॉकेटचा भाग, त्यामुळे 1957 अल्फा 1 ही खूण त्याला मिळाली आणि खुद्द स्पुटनिक अल्फा 2 ठरला. 1963 पासून वर्ष, त्या वर्षातील प्रक्षेपणाचा क्रम आणि एक रोमन अक्षर अशी पद्धत आली. तिच्यानुसार आर्यभट 1975-033A आहे, म्हणजे त्या वर्षातील तेहतिसाव्या प्रक्षेपणातील पहिली वस्तू. आय आणि ओ ही अक्षरे एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून वगळतात. पीएसएलव्ही-सी37 ने 15 फेब्रुवारी 2017 रोजी एकाच खेपेत 104 उपग्रह सोडले, तेव्हा एकेरी अक्षरे संपून दोन-दोन अक्षरांच्या किती जोड्या लागल्या असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता सूर्याकडे वळू. वातावरणाचा सर्वांत वरचा थर सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी तापतो, आणि हे किरण सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रात बरेच कमीजास्त होतात. थर तापला की फुगतो आणि खालची दाट हवा वर चढते. पाचशे किलोमीटरच्या आसपास सौरचक्राच्या कमाल आणि किमान काळांतील घनतेत दहापटीचा फरक पडू शकतो. हे ज्ञान उपग्रहांच्या घसरणीतूनच मिळाले. पहिल्या काही उपग्रहांच्या कक्षा तपासताना त्यांची घसरण दर 27 दिवसांच्या सुमारास वाढते असे दिसले, आणि 27 दिवस हा पृथ्वीवरून दिसणारा सूर्याच्या स्वतःभोवतीच्या फेरीचा काळ आहे. वरच्या हवेचा अंदाज बांधण्यासाठी आजही सूर्याकडून येणाऱ्या 10.7 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींची तीव्रता वापरतात. कॅनडात ती 1947 पासून नियमितपणे मोजली जात आहे.

आरएस-1 गेला तो नेमका सौरचक्राच्या कमाल काळात, त्यामुळे त्याचा उपभू फुगलेल्या हवेतच होता. आरएस-डी2 ला मात्र उतरता सूर्य मिळाला. 1986 मधील किमान काळ त्याने निभावून नेला आणि पुढच्या कमाल काळाने त्याला खाली आणले. 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून गेलेल्या 360 किलोच्या आर्यभटाची हकिकतही याच वळणाची आहे. त्यावरील वैज्ञानिक प्रयोग वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे चार दिवसांतच थांबले, पण 563 गुणिले 619 किलोमीटरच्या कक्षेमुळे तो पुढे जवळपास सतरा वर्षे फिरत राहिला. दिवसाला 15 फेऱ्यांपासून निघालेला हा उपग्रह 1980 च्या सुमाराची कमाल पचवून गेला. नव्वदच्या आसपासची दुसरी कमाल मात्र त्याला पेलली नाही आणि फेब्रुवारी 1992 मध्ये तो नष्ट झाला.

सूर्याचा अंदाज चुकला की काय होते, याचे जगाला आठवणारे उदाहरण म्हणजे स्कायलॅब. 14 मे 1973 रोजी सुमारे 435 किलोमीटर उंचीवर गेलेली ही अमेरिकन प्रयोगशाळा शेवटच्या अंतराळवीरांनी फेब्रुवारी 1974 मध्ये सोडली, तेव्हा ती 1980 च्या दशकापर्यंत टिकेल आणि तोवर स्पेस शटल तयार होऊन तिला वर ढकलेल असा हिशेब होता. सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक तापला, शटलला उशीर झाला आणि 11 जुलै 1979 रोजी स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. शटलचे पहिले उड्डाण त्यानंतर पावणेदोन वर्षांनी झाले. आपल्याकडे तेव्हा खेडोपाडी पसरलेली धास्ती जुन्या पिढीच्या लक्षात असेल. त्याहून उपरोधिक कथा सोलर मॅक्झिमम मिशनची आहे. सौरचक्राच्या कमाल काळाचा अभ्यास करण्यासाठी 1980 मध्ये गेलेला हा उपग्रह पुढच्या कमाल काळातील फुगलेल्या हवेमुळेच डिसेंबर 1989 मध्ये कोसळला.

याच वर्षी मार्चमध्ये मोठे भूचुंबकीय वादळ झाले, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोताने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ उडाली, आणि हवा इतकी अचानक फुगली की कक्षेतील शेकडो वस्तू अपेक्षित ठिकाणी सापडेनात. अशा वादळांच्या जुन्या मोजणीत मुंबईचा वाटा मोठा आहे. 2 सप्टेंबर 1859 चे महावादळ कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले आणि चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण दाखवणारी ती नोंद आजही अभ्यासकांच्या हाती आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्यांच्या विजेने चुंबकीय मोजणी बिघडू नये म्हणून, हे काम अलिबागला हलवले गेले आणि तिथे ते अजून चालू आहे. वादळ फार मोठे असावे लागते असेही नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 उपग्रह सुमारे 210 किलोमीटर उपभूच्या तात्पुरत्या कक्षेत सोडल्यानंतर मध्यम प्रतीचे वादळ आले, आणि त्यांतील बहुतेक उपग्रह काही दिवसांतच जळून गेले.

दुसऱ्या टोकाला व्हॅनगार्ड-1 आहे. 17 मार्च 1958 रोजी गेलेला, साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा आणि दीड किलोहून किंचित हलका हा गोळा आज कक्षेत असलेली सर्वांत जुनी मानवनिर्मित वस्तू आहे. त्याचा उपभू साडेसहाशे किलोमीटरच्या घरात असल्याने तो दोन हजार वर्षे टिकेल असे प्रथम वाटले होते. सूर्यप्रकाशाचा दाब आणि फुगणारी हवा हिशेबात धरल्यावर हा अंदाज सुमारे 240 वर्षांवर आला.

इतका काळ बंद पडलेला उपग्रह वर ठेवणे आता परवडणारे नाही, म्हणून कक्षेचा शेवटही आधीच ठरवला जातो. 10 जानेवारी 2007 रोजी गेलेला कार्टोसॅट-2 ला 635 किलोमीटरवरून आपोआप उतरायला सुमारे तीस वर्षे लागली असती. इस्रोने उरलेले इंधन वापरून त्याचा उपभू 380 किलोमीटरवर आणला, पुढचे काम हवेने केले आणि 14 फेब्रुवारी 2024 रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. मेघा-ट्रॉपिक्स तर सुमारे 867 किलोमीटरवर होता. तिथून उतरायला शंभरहून अधिक वर्षे लागली असती. त्यात सुमारे 120 किलो इंधन शिल्लक होते, त्यामुळे कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणून 7 मार्च 2023 रोजी शेवटच्या दोन धक्क्यांत त्याला पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागावर उतरवण्यात आले.