परातीतली नानकटाई

मागच्या दिवाळीत माझ्या ओव्हनमधून नानकटाईऐवजी एक नकाशा बाहेर आला. ठेवले होते चोवीस गोळे, ते एकमेकांत मिसळून पत्र्याच्या कडांपर्यंत पसरले होते. चव चांगली होती, म्हणून घरच्यांनी सुरीने वड्या पाडून खाल्ल्या. प्रमाण आत्याच्या वहीतलं, ओव्हन नेहमीचा, मैदाही तोच. बदल एकच झाला होता: तूप फेसायला वेळ नव्हता म्हणून मी ते पातळ करून सरळ पिठात ओतलं होतं.

आत्या आणि तिच्या शेजारणी दिवाळीच्या आठवडाभर आधी परात मांडून बसायच्या. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत राहायचं, अर्धा-पाऊण तास, हात भरून येईपर्यंत. पिवळसर तूप हळूहळू पांढरं आणि हलकं व्हायचं. मला तेव्हा तो निव्वळ छळ वाटायचा. आता कळतं की नानकटाई भट्टीत नंतर जाते, ती होते परातीतच.

तूप हा एकच पदार्थ नाही. त्यात अनेक प्रकारचे स्निग्ध रेणू असतात आणि प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान वेगळं. म्हणून बर्फासारखं ते एका ठरावीक अंशाला वितळत नाही. थंडीत दगड असतं, मग मऊ होत जातं आणि साधारण पस्तिशी ओलांडल्यावर पूर्ण पातळ होतं. मधल्या टप्प्यात त्यात घन स्फटिक आणि पातळ स्निग्धांश एकत्र नांदतात. फेसायला लागतं ते हेच मधलं तूप. हात फिरतो तेव्हा हवा आत ओढली जाते आणि बारीक स्फटिक त्या बुडबुड्यांभोवती गोळा होऊन त्यांना भिंत घालतात. साखरेचे कणही आपल्याबरोबर हवा आत नेतात. तूप पांढरं दिसतं ते या लाखो बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. साबणाचा फेस पांढरा दिसतो, तसंच. पातळ तुपात स्फटिकच नाहीत, तर भिंत कशाची घालणार?

इथे एक गंमत आहे. घरोघरी ज्याचं कौतुक होतं ते रवाळ तूप नानकटाईला तितकंसं सोयीचं नाही. सावकाश थंड झालेल्या तुपात स्फटिक मोठे वाढतात, तोच तो रवा. हवा धरायला बारीक स्फटिक बरे. उपाय सोपा: तूप वितळवून, परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून फेसत फेसत थंड करायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबई-ठाण्याकडे नाहीतरी हे करावंच लागतं. आणि उडदाच्या पिठाची पाण्यात गोळी टाकून घेतात ती परीक्षा इथे घेऊ नका. तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेसताही तरंगेल.

जुन्या वह्यांमध्ये नानकटाईपुढे सर्रास 'डालडा' लिहिलेलं सापडतं. ते फक्त स्वस्ताईमुळे नव्हतं. वनस्पती तूप उकाड्यातही बऱ्यापैकी घट्ट राही आणि हवा छान धरी. पण तो घट्टपणा तेलात हायड्रोजन मिसळून आणलेला असे आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होत. ती हृदयाला घातक, म्हणून 2022 पासून भारतात खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात त्यांची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे. मी साजूक तूपच घेते, बर्फाचं पाणी जवळ ठेवून.

आता मैदा. गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचीक जाळं विणतात. पोळीला ते हवंच, नानकटाईला नको. तूप पिठाच्या कणांवर थर देऊन पाण्याची वाट अडवतं आणि तुपात स्वतःचं पाणी जवळपास नसतंच, कढवताना ते उडून गेलेलं असतं. हे आपल्याला नवं नाही. शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालून मुठीत मुटका वळतो का बघतो, तेव्हा आपण हेच तपासत असतो, प्रत्येक कणाला तूप पोचलं का. मोहन कमी पडलं तर शंकरपाळी कडक, बेताचं असेल तर खुसखुशीत. नानकटाई म्हणजे मोहनाचं टोक: पिठाइतकंच महत्त्व तुपाला. थोडं बेसन किंवा रवा घालतात त्यामागेही हेच. बेसनात ग्लुटेन नाही आणि रव्याचे जाड कण जाळं विणू देत नाहीत. म्हणून मैदा मिसळल्यावर मळायचं नाही, गोळा होईल इतपतच एकत्र करायचं.

सोड्याचं श्रेय मात्र आपण जरा जास्तच देतो. तापल्यावर खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरं, पण घट्ट पिठात तो स्वतःचे नवे बुडबुडे सहसा तयार करत नाही. आधीच असलेल्या बुडबुड्यांमध्ये शिरून त्यांना फुगवतो. ते बुडबुडे कुठून आले? परातीतून. फेसलंच नसेल तर सोडा वाढवून काही हाती लागत नाही, उलट बिघडतं. दह्यासारखं आंबट काही नसेल तर सोड्यातून मागे सोडियम कार्बोनेट उरतं आणि जिभेला साबणाची चव लागते. ढोकळ्यात हळदीवर सोडा पडला की लाल ठिपके उमटतात ना, तो याच अल्कलीचा खेळ. वाटी-दोन वाटी मैद्याला पाव चमचा पुष्कळ झाला.

बेकरीवाले सोड्याबरोबर किंवा त्याऐवजी 'अमोनिया' वापरतात. हा अमोनियम बायकार्बोनेट. तापला की त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, म्हणजे तिन्ही वायूच, मागे काही उरत नाही. भट्टीजवळ नाकाला झोंबणारा वास यायचा तो याचाच. पातळ, कोरड्या बिस्किटातून अमोनिया पुरता निघून जातो. जाड, ओलसर केकमध्ये मात्र अडकून राहतो, म्हणून तिथे तो चालत नाही.

सुरतेतल्या डच वखारीची भट्टी एका पारशी कारागिराकडे आली आणि तिथे नानकटाई घडली, अशी गोष्ट सांगतात. नावातलं 'नान' तर फारसी रोटीचंच. पण आमच्या लहानपणी नानकटाई म्हणजे गावातल्या बेकरीसमोरची रांग. घरून साहित्य घेऊन जायचं, बेकरीचे काळे पत्रे मागून घ्यायचे, गोळे ठेवायचे आणि नंबर येईपर्यंत तिथेच बसायचं. आत्या पहाटे जात नसे. 'पाव निघाल्यावर जायचं,' म्हणायची.

त्यात भौतिकशास्त्र आहे. लाकडं जाळून तापवलेल्या विटा उष्णता साठवतात आणि ती प्रामुख्याने प्रारणाने, म्हणजे अदृश्य किरणांतून, वर-खाली सगळीकडून परत देतात. प्रारण निरपेक्ष, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. 250 अंशांची भिंत 170 अंशांच्या भिंतीपेक्षा जवळपास दुप्पट उष्णता फेकते. पावाला ती मानवते. नानकटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. उतरत्या भट्टीत पृष्ठभाग सावकाश कोरडा होऊन धरतो, आतला वायू फुगतच असतो, मग वरचा थर तडकतो. त्या भेगा म्हणजे आतल्या फुगण्याची पावती. साधारण 140 अंशांच्या पुढे कोरड्या झालेल्या पृष्ठभागावर प्रथिनं आणि साखरेची मेयार अभिक्रिया जोर धरते. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. भट्टीबाहेर गल्लीभर पसरणारा भाजका वास बराचसा तिचाच.

घरी ओव्हन नसेल तर कढईत मीठ किंवा वाळू तापवून, वर जाळी ठेवून भाजता येते. तिथे उष्णता खालून येते, वरून प्रारण फारसं नाही, म्हणून बूड तांबूस आणि माथा फिका राहतो. फिका माथा बघून जास्त वेळ ठेवलीत तर बूड करपेल.

पत्रा बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते आणि नवशिका घाबरून ती पुन्हा आत ढकलतो. मीही ढकलली आहे. आतलं तूप त्या क्षणी पातळ असतं. गार होताना ते पुन्हा घट्ट होतं आणि मगच खुसखुशीतपणा येतो. तोवर पत्र्यावरून उचलायची नाही. आणि डबा वेगळा ठेवायचा. करंज्यांच्या ओल्या सारणातला ओलावा डब्यातल्या हवेतून कोरड्या नानकटाईत शिरतो आणि भाऊबीजेपर्यंत ती नरम पडते. आत्याकडे त्यासाठी पितळेचा घट्ट झाकणाचा एक डबा होता, आणि तो कुठल्या फळीवर असतो हे आम्हा मुलांना बरोबर ठाऊक होतं.